क्रीडावाहिन्यांचा संच: निवड समजते, वागणूक खटकते

क्रीडावाहिन्यांचा जो संच मी वर्षभरासाठी घेतला आहे, त्याचे परीक्षण चित्राच्या स्पष्टतेवरून करण्यात अर्थ नाही, कारण त्या बाबतीत आता बहुतेक वाहिन्या सारख्याच आहेत. फरक पडतो तो कोणता खेळ दाखवायचा आणि कोणता गाळायचा या निर्णयात.

हा निर्णय केवळ प्रेक्षकसंख्या पाहून होतो, हा समज अर्धाच खरा आहे. प्रक्षेपणाचे हक्क मोठी रक्कम मोजून काही वर्षांसाठी आगाऊ घेतलेले असतात आणि ती रक्कम जाहिरातींतून वसूल करायची असल्याने खेळात विरामाच्या जागा किती आहेत, हे आधी पाहिले जाते. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर अशी जागा आपोआप मिळते. फुटबॉलचा 45 मिनिटांचा पूर्वार्ध सहसा सलग चालत असल्यामुळे जाहिराती मध्यंतराभोवती गोळा कराव्या लागतात. शिवाय चित्रीकरणाचा खर्च असतोच. टेबल टेनिसची लढत एका सभागृहात मोजक्या कॅमेऱ्यांत मावते, तर सायकल शर्यतीमागे मोटारसायकली आणि हेलिकॉप्टर पाठवावे लागते. पडद्यावर खेळ दिसतो कसा, हेही महत्त्वाचे. 1969 मध्ये बीबीसीने टेबलावर रंगीबेरंगी चेंडूंनी खेळल्या जाणाऱ्या स्नूकरला नियमित जागा दिली ती रंगीत चित्रवाणीची करामत दाखवण्यासाठी. कृष्णधवल पडद्यावर त्या चेंडूंचा रंग ओळखणार कसा?

पुढे खेळांनीच पडद्याच्या मापाचे कपडे शिवून घेतले. टेबल टेनिसचा चेंडू 2000 मध्ये 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला आणि पुढच्याच वर्षी डाव 21 ऐवजी 11 गुणांवर आला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तर जलतरणाच्या अंतिम शर्यती सकाळी घेण्यात आल्या, कारण त्या वेळी अमेरिकेत संध्याकाळ असते.

इथवर माझी तक्रार नाही. व्यवसाय म्हटला की हिशेब आलाच. तक्रार आहे ती विकत घेतलेल्या खेळाला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीची उपांत्य लढत तिसऱ्या गेममध्ये 18-18 अशी अडलेली असताना प्रक्षेपण तोडण्यात आले आणि लगेच एका जुन्या क्रिकेट सामन्याची चित्रफीत सुरू झाली. उर्वरित खेळ ॲपवर पाहावा, असे ग्राहकसेवेने कळवले. ॲपवर ठळक क्षणांची छोटी फीत तेवढी होती. अनेक स्पर्धांचे हक्क एकगठ्ठा घ्यायचे आणि त्यांतल्या लहान स्पर्धा धूळ खात ठेवायच्या, हा प्रकार मला हक्कच न घेण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण अनेक जागतिक महासंघ आपले सामने स्वतः इंटरनेटवर दाखवतात. पण जिथे हक्क विकले गेले असतील, तिथे ते प्रक्षेपण बहुधा बंद ठेवले जाते.

एखाद्याच लोकप्रिय खेळाचे प्रेक्षक असाल, तर हा संच खुशाल घ्यावा. इतरांनी वर्षाची वर्गणी भरू नये. हव्या त्या स्पर्धेचे वेळापत्रक पाहून, महासंघाचे प्रक्षेपण आपल्याकडे खुले नाही याची खात्री केल्यावरच एका महिन्यापुरते पैसे भरावेत.