दुबईत शोरमा सोडून खरं अरबी जेवायचं असेल तर

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन दुबईला गेलो होतो, मी, बायको आणि आई. तेव्हापासून ऑफिसातला प्रत्येक जण एकच विचारतोय की तिकडे अरबी जेवण कुठे चांगलं मिळतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी शेफ वगैरे नाही, खादाड आहे.

आधी एक घोळ मिटवू. दुबईत पर्यटकांना ‘अरेबिक फूड’ म्हणून जे समोर येतं, हमूस, फलाफल, तब्बूले, फतूश, ते बहुतेक लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडचं. चवीला एक नंबर, प्रश्नच नाही, पण दुबईचं घरगुती जेवण ते नव्हे. म्हणजे मुंबईत येऊन कुणी मसाला डोसा खावा आणि घरी जाऊन सांगावं की मराठी जेवण जेवलो, तसंच. दुबईच्या मूळ लोकांचं, इमिराती लोकांचं खाणं वेगळं आहे. भात, मासे, खजूर, मटण, वेलची-केशर, आणि ते मुद्दाम शोधावं लागतं.

आमची सुरुवातच गंडली होती. टूरवाल्याने वाळवंट सफारीत ‘ट्रॅडिशनल अरेबिक डिनर’ म्हणून नेलं आणि तिथे बुफेत काय तर पनीरची भाजी, हक्का नूडल्स आणि कोळसा झालेलं चिकन. आईने मुकाट्याने डाळभात घेतला. नाव सांगत नाही, बऱ्याच सफाऱ्यांत हेच असतं असं नंतर चार जणांकडून ऐकलं. सफारीला वाळूसाठी जा, जेवणाची आशा ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी मात्र भारी जमलं. बर दुबईत खाडीला लागून अल फहिदी म्हणून जुनी वस्ती आहे, आधी तिला बस्तकिया म्हणायचे, इराणातल्या बस्तक गावचे व्यापारी तिथे येऊन राहिले म्हणून. मातकट रंगाची घरं, अरुंद बोळ, आणि घरांवर बरजील, म्हणजे वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे, तेव्हाचा एसीच. मीना बाजारपासून चालत जाता येतं, आणि खाडीपलीकडच्या देऱ्याकडून येणार असाल तर एक दिरहमवाल्या आब्रातूनच, म्हणजे होडीतूनच या, टॅक्सी करू नका, खाडीचा वारा खात यायचं सुख वेगळं.

इथे शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग आहे, १९९८ पासूनचं. तिथे एका जुन्या वाड्यात इमिराती नाश्ता आणि जेवण ठेवतात. हे हॉटेल नाही हे लक्षात घ्या, आधी ऑनलाइन बुकिंग करून ठरलेल्या वेळीच जायचं. गालिच्यावर मांडी घालून बसायचं (आईसाठी खुर्ची मागितली, लगेच दिली), मध्ये मोठाली पातेली, आणि एक इमिराती यजमान सगळं समजावून सांगतो. काहीही विचारा म्हणतात, बुरख्याबद्दल, लग्नाबद्दल, चार बायकांबद्दल, आणि लोक खरंच विचारतात. मला आधी वाटलेलं की हे जरा शाळेच्या सहलीसारखं होणार, थोडं तसं आहेच, पण जेवणाने भरपाई केली.

आधी गहवा येते. फिकट सोनेरी कॉफी, वेलची घातलेली, साखर अजिबात नाही, सोबत खजूर. चोच असलेल्या दल्ल्यातून, म्हणजे त्यांच्या किटलीतून, कान नसलेल्या छोट्या फिंजानात, म्हणजे कपात, जेमतेम घोटभर ओततात. कप रिकामा केलात की पुन्हा भरणार, आणि बास म्हणायचं तर तोंडाने नाही, कप हलवून दाखवायचा. आईला हे माहीत नव्हतं, ती दर वेळी ‘नको नको’ म्हणत कप पुढे करायची, बिचारीच्या पोटात पाच कप गेले. ही कॉफी आणि तिचा पाहुणचार २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलाय म्हणे, आईला सांगितलं तर म्हणाली, साखर घातली असती तर आधीच आला असता.

नाश्त्यात बलालीत खाच. गोड शेवया, केशर-वेलची घातलेल्या, आणि त्यावर अख्खं ऑम्लेट पसरलेलं. ऐकायला कसंतरीच वाटतं ना? मलापण वाटलं. पण ऑम्लेटचं मीठ आणि शेवयांचा गोडवा दोन घासांनंतर असं काही जुळतं की मी तीनदा वाढून घेतलं, बायकोने मात्र ऑम्लेट बाजूला काढून शेवयांची खीर समजून खाल्ली. मग चबाब, जाळीदार जाडसर घावनासारखे, त्यावर क्रीम चीज आणि दिब्स म्हणजे खजुराचा पाक. दांगो म्हणजे मिरची घालून उकडलेले चणे, आणि शेवटी लुगैमात, तळलेले गोळे, वरून दिब्स आणि तीळ. गुलगुल्यांची श्रीमंत बहीण समजा, बाहेर कुरकुरीत आणि आत पोकळ, गरम असतानाच खायचे, गार झाले की मजा गेली.

बुकिंग मिळालं नाही तर त्याच वस्तीत अरेबियन टी हाऊस आहे, १९९७ पासून. अंगणात झाड, पांढरं-निळसर फर्निचर, इन्स्टावाल्यांची गर्दी. इमिराती नाश्त्याचा ट्रे मागवला की वरचं बरंचसं छोट्या वाट्यांत मिळतं. दोघांत एक ट्रे पुरे होतो. प्रश्नोत्तरं नकोत, निवांत बसायचंय अशांना हेच बरं.

आता माझा खरा मुद्दा, म्हणजे मासे. आम्ही मूळ देवगडकडचे, आई कुठेही गेली की आधी मासा शोधणार. फेस्टिव्हल सिटीत अल फनार म्हणून इमिराती रेस्टॉरंट आहे (फनार म्हणजे कंदील), आत साठच्या दशकातली दुबई उभी केलीय. सजावट जरा नाटकी, पण असू दे. मेन्यूत जशीद दिसलं. वेटरला विचारलं तर म्हणे लहान शार्क, उकडून, कुस्करून, कांदा-हळद-मसाल्यावर परतलेला. मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. मोरी! आमच्याकडे लहान शार्कला मोरीच म्हणतात. पहिला घास घेतला आणि आई वेटरसमोरच ओरडली, ‘अरे ह्यां तर मोरीचां सुकां!’ खोबरं नाही आणि तिखट कमी, पण त्यात लूमी असते, म्हणजे खारवून वाळवलेलं लिंबू, आपल्या कोकमाचं काम तीच करते पण तिला एक धुरकट-कडवट वास असतो. तुम्ही मालवण-रत्नागिरी-गोव्याकडचे असाल तर बाकी काही मागवलं नाही तरी चालेल, जशीद आणि पांढरा भात घ्या.

मला त्या टेबलावर सारखं वाटत होतं की हे परकं नाहीच. त्यांचा बझार मसाला बघा, धने, जिरं, मिरी, दालचिनी, हळद, म्हणजे घरचाच डबा उघडल्यासारखा वास. सलूना नावाचा रस्सा आहे, नाव ऐकून सालनच आठवतं. थरीद म्हणजे रगाग नावाची कागदासारखी पातळ रोटी मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली, कोल्हापुरात तांबड्यात भाकरी कुस्करतात तीच गोष्ट. शेवटी इथून गलबतांनी तांदूळ-मसाले तिकडेच जायचे आणि १९६६ पर्यंत तिकडे रुपयाच चालायचा, शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला वेगळा रुपया होता.

मजबूस आणि मंडी, दोन्ही मांस-भाताचेच पदार्थ, पण त्यात गोंधळू नका. मजबूसमध्ये मांस शिजवलेल्या पाण्यातच भात शिजतो, लूमी आणि मसाल्यासकट, त्यामुळे भात स्वतःच चविष्ट. मंडी मूळची येमेनच्या हद्रामौतची, तिथे जमिनीतल्या तंदुरात मांस वर लटकवतात आणि त्याची चरबी खालच्या भातावर ठिबकते. देऱ्यात मंडीची बरीच ठिकाणं आहेत, खाली बसून एका थाळ्यात सगळ्यांनी खायचं. स्वस्त आणि पोटभर, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी, ती परत परत मागा, देतात. मेन्यूवर ‘दियाय’ दिसलं तर घाबरू नका, चिकनच ते, इमिराती लोक ‘दजाज’मधल्या ज चा य करतात.

हरीस मात्र मला झेपलं नाही. गहू आणि मटण तासन्‌तास घोटून एकजीव केलेलं, वरून तूप, त्यांच्या सणासमारंभाचा मानाचा पदार्थ, पण मसाला जवळजवळ नाहीच. खिचडा डोक्यात ठेवून खाल तर निराश व्हाल. आईला आवडलं, दात लागत नाहीत म्हणाली.

शाकाहारी मंडळींनो, खरं सांगतो, नाश्ता तुमचा, जेवण नाही. बलालीतवरचं ऑम्लेट नको म्हणून आधीच सांगा, चबाब पण विचारून घ्या कारण त्यात अंडं असू शकतं, दांगो-लुगैमात खा. मजबूसचा ‘नुसता भात’ मागवू नका, तो स्टॉकमध्येच शिजलेला असतो. दुपार-रात्रीसाठी लेबनीज जागाच बऱ्या, हमूस-फलाफल तिथे कामी येतं. रमजानात जाणार असाल तर वेळा बदललेल्या असतात, त्या सेंटरमध्ये तेव्हा इफ्तार असतो, तो मिळाला तर सोडू नका. आणि या सगळ्या पारंपरिक जागांत दारू मिळत नाही, काकालोकांनी आधीच मनाची तयारी करा.

येताना देऱ्याच्या स्पाइस सूकमधून, म्हणजे मसाल्याच्या बाजारातून, पाव किलो लूमी आणली. दुकानदार केरळचा निघाला, घासाघीस हिंदीतच झाली. काळी आणि फिकट अशा दोन मिळतात, काळी जास्त उग्र, आम्ही फिकट घेतली. घरी आईने पहिल्यांदा अख्खीच मोरीत टाकली आणि काहीच चव उतरली नाही, आता ती सुरीच्या टोकाने दोन-तीन भोकं पाडते आणि आतल्या बिया काढून टाकते, बिया राहिल्या तर रस्सा कडू होतो.