कोरडा ब्रश, साबणाचे पाणी की अल्कोहोल? मॉडेल रेल्वेचे डबे कशाने स्वच्छ करावेत

मॉडेल रेल्वेचा डबा कशाने स्वच्छ करावा, हे मळापेक्षा त्यावरील रंग आणि अक्षरांवरून ठरवावे. डब्याचे पॉलिस्टायरीन किंवा एबीएस प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने बिघडत नाही. नाजूक असतात ते रंगाचा पातळ थर आणि पाण्यात भिजवून चिकटवलेली डेकल, म्हणजे अक्षरे-चिन्हे छापलेले पातळ पापुद्रे.

नुसती धूळ असेल, तर मेकअपचा मऊ ब्रश पुरतो. तो शिड्या आणि हातधरे न मोडता कोपऱ्यांत पोहोचतो. मात्र घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते आणि झटकलेली धूळ पुन्हा येऊन बसते. तेलकट थरापुढे ब्रशचे काहीच चालत नाही.

तेथे भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घातलेले कोमट पाणी उपयोगी पडते, आणि माझा कल बहुतेक वेळा याच पद्धतीकडे असतो. डबा सबंध बुडवू नये, कारण आत बसवलेली वजनाची लोखंडी पट्टी गंजते. वरचे आवरण सुटत असेल तर तेवढेच काढून धुवावे. गरम पाण्याने पातळ भाग वाकतात, आणि वार्निशचे संरक्षण नसलेली जुनी डेकल कोमट पाण्यातही सुटू शकतात, म्हणून तेथे ओलसर ब्रश हलकेच टेकवावा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल चटकन वाळते आणि चिकट डाग सहज काढते, हे खरे. पण रंग मुद्दाम उतरवण्यासाठीही हौशी मंडळी हेच वापरतात. एका मालडब्यावर मी त्यात भिजवलेला कापूस फिरवला, तेव्हा दुसऱ्याच फेरीत कापूस तांबूस झाला आणि डब्याचा क्रमांक अर्धा पुसला गेला. त्यामुळे ते धातूच्या चाकांपुरतेच ठेवावे. डब्यावर वापरायचेच असेल, तर आधी तळाशी न दिसणाऱ्या जागी तपासून पाहावे. ॲसिटोन, अर्थात ते असलेले नेलपॉलिश रिमूव्हरही, तुलनेत धरूच नये, कारण ते प्लॅस्टिकच विरघळवते.

इमारतींना साबणाचे पाणी चालते, पण कागदी पाट्या चिकटवलेल्या असतील तर चालत नाही. फोमची पाने लावलेली झाडे आणि दिव्यांचे सिग्नल मात्र कोरड्या ब्रशवरच सोडावेत. धुतलेला डबा रात्रभर उघड्यावर वाळू द्यावा, आणि कपलरमध्ये, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यात, ओल राहिली नसल्याची खात्री करूनच तो रुळावर ठेवावा.