मुलांच्या पाठीचे पट्टे: आधी आजार गळ्यात मारला, मग पट्टा

मुलांची पाठ ‘सरळ करून देणारे’ पट्टे विकणाऱ्या एका व्यावसायिकाकडून आमची जी फसवणूक झाली, तिचा तपशील येथे सविस्तर मांडत आहे. पट्टा निकृष्ट होता हा त्यातला लहान भाग झाला. खरी लबाडी पट्टा डब्यातून बाहेर निघण्यापूर्वीच, ‘मोफत तपासणी’च्या नावाखाली उरकली गेली होती.

माझी अकरा वर्षांची मुलगी पोक काढून बसते, एवढीच आमची तक्रार होती. पांढरा कोट घातलेल्या प्रतिनिधीने तिला अंगातल्या जाड स्वेटरसह भिंतीपाशी एका बाजूला वळवून उभे केले, मोबाइलवर एक छायाचित्र काढले आणि पडद्यावर कानापासून घोट्यापर्यंत लाल रेषा उमटवून ‘कणा अठरा अंशांनी झुकला आहे, आत्ता पट्टा लावला नाही तर पुढे शस्त्रक्रियाच’ असे मुलीच्या देखत सांगितले. हा कोन कोणत्या दोन रेषांमधला, असे विचारल्यावर ‘सॉफ्टवेअर काढते’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. कपड्यांवरून काढलेल्या छायाचित्रात कणा दिसत नाही. कण्याचा कडेला गेलेला बाक, म्हणजे स्कोलिओसिस, उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर कॉब कोन, म्हणजे बाकाच्या वरच्या व खालच्या टोकाला सर्वांत कललेल्या मणक्यांमधला कोन, मोजून ठरवतात आणि तो 10 अंश किंवा अधिक असेल तरच त्याला ते नाव देतात. छातीच्या भागातील कण्याला मागच्या बाजूने साधारण 20 ते 45 अंशांची नैसर्गिक गोलाई असतेच. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोवरचा ‘अठरा’ हा आकडा पालकांना घाबरवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नव्हता.

माप घेण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. टेप स्वेटरवरूनच फिरवली गेली आणि ‘वाढत्या अंगाचा घ्या, दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठे माप पुढे करण्यात आले. मग तो ढिला पट्टा बसावा यासाठी खांद्यांवरचे बंद इतके आवळले, की दोन्ही खांदे मागे खेचले गेले. दिवसभर आणि झोपेतही वापरायचा, अशी सूचना होती. काखेत बंद काचून लाल वळ उठले, ते पट्टा काढल्यावर बराच वेळ गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत बोटांना मुंग्या येत आणि पोटावरच्या रुंद इलॅस्टिकमुळे जेवणानंतर तिला मोकळा श्वास घेता येत नसे. काखेत सतत दाब पडला तर तिथून हाताकडे जाणाऱ्या नसा दबू शकतात, म्हणून मुंग्या आल्या की पट्टा लगेच काढायला हवा. विक्रेत्याचे फोनवरचे उत्तर मात्र असे, की ‘पट्ट्यातले चुंबक काम करू लागले आहेत’. पुढे मी अस्तराची शिवण उसवली. आत ‘मणक्याला आधार देणाऱ्या’ दोन प्लास्टिकच्या पात्या होत्या, ज्या दोन बोटांत धरून सहज वाकत होत्या, आणि बटणाएवढे काही चुंबक होते. अशा चुंबकांनी कण्याचा आकार बदलत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला गुडघे न वाकवता, तळवे जोडून पुढे वाकायला सांगितले आणि मागून पाठीची एक बाजू वर उचललेली दिसते का ते पाहिले. दोन्ही बाजू समान होत्या. पालथे झोपवल्यावर पोक नाहीसे झाले. आडवे झाल्यावरही न जाणारा ताठर बाक वेगळा. त्यात मणके पाचरीसारखे झालेले एक्स-रेत दिसू शकतात आणि त्यावर नीट उपचार लागतात. आमच्याकडे तसे काहीच नव्हते, म्हणून एक्स-रेचीही गरज पडली नाही. पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम व बसण्यात बदल, एवढाच सल्ला मिळाला. रात्री झोपेतून उठवणारे पाठदुखणे, ताप, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही दिसले तर थेट डॉक्टरांकडे यावे, हेही त्यांनी बजावले.

मुलांसाठी खरे ब्रेस असतात आणि ते उपयोगी पडतात, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. वाढ शिल्लक असलेल्या मुलांत कडेचा बाक साधारण 25 ते 40 अंशांचा असल्यास ते सुचवतात. ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार घडवणारा तज्ज्ञ, अंगाच्या मापाने कडक प्लास्टिकचा ब्रेस घडवतो, नेमक्या जागी आतून दाब देणाऱ्या गाद्या बसवतो, ब्रेस घातलेल्या अवस्थेत एक्स-रे काढून तो काम करतो का ते पाहिले जाते आणि मूल वाढेल तसा तो बदलावा लागतो. ‘वाढत्या अंगाचा’ ब्रेस ही कल्पनाच त्यात बसत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. आमच्या पट्ट्याच्या माहितीपत्रकावर ‘72 टक्के यश, संशोधनाने सिद्ध’ असे ठळक छापले होते. कडक ब्रेसचे, वेगळ्याच विकारासाठीचे हे यश इलॅस्टिकच्या पट्ट्यावर बेमालूम चिकटवण्याचे धाडस मला त्या पांढऱ्या कोटापेक्षाही गंभीर वाटते.

पैसे परत मागताच ‘अंगावर वापरलेली वस्तू’ म्हणून हात वर करण्यात आले. हमीची अट डब्याच्या आतल्या झाकणावर बारीक अक्षरांत होती: सहा महिने रोज बारा तास वापर आणि त्याचा सही केलेला तक्ता. मी ग्राहक म्हणून लेखी तक्रार केली असून तिच्यासोबत बिल, माहितीपत्रक, ‘अठरा अंशां’चा छापील अहवाल, काखेतल्या वळांची छायाचित्रे आणि डॉक्टरांचा कागद जोडला आहे. अहवालावर तपासणाऱ्याचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक या तिन्ही जागा कोऱ्या आहेत, याकडे तक्रारीत मुद्दाम लक्ष वेधले आहे. निर्णय अद्याप आलेला नाही. दरम्यान विक्रेत्याने, तक्रार मागे घेतल्यास धाकट्या मुलाचीही तपासणी मोफत करून देऊ, असा प्रस्ताव पाठवला, तोही मी तक्रारीला जोडला आहे.