गावची पाणी तपासणी पेटी : कामाच्या बाटल्या दोन, बाकी सोबतीला

शहापूर-मुरबाडकडच्या ग्रामपंचायतींत कपाटावर हमखास दिसणारी वस्तू म्हणजे ‘एफटीके’, म्हणजेच फील्ड टेस्ट किट. सुटकेससारखी प्लॅस्टिकची पेटी, आत फोमच्या खाचांत बसवलेल्या ड्रॉपर बाटल्या, दोन-चार परीक्षानळ्या, रंगांचे तक्ते आणि एक पुस्तिका. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ही पेटी वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, तेव्हापासून ती गावोगाव पोचली. बनवणारे अनेक आहेत, आतला माल जवळपास सारखाच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, पेटीचं आहे, आणि तेही ठाणे जिल्ह्यातल्या पाण्याच्या हिशेबाने. यवतमाळ-चंद्रपूरकडे, जिथे पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, हीच पेटी जास्त गुण मिळवेल.

आमचे गुण आधीच सांगून टाकतो. अख्ख्या पेटीला पाचपैकी तीन, क्लोरीनच्या चाचणीला चार, आणि पाण्यात जंतू आहेत का ते दाखवणारी, बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली, तिला साडेचार. कारण सरळ आहे. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. पाण्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिक सापडण्याची धास्ती इथे फारशी नाही. इथली दुखणी म्हणजे जुलाब, गॅस्ट्रो, कावीळ. ती येतात जंतूंमुळे, आणि जून-जुलैत पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी उकिरड्यावरून, गोठ्यावरून वाहत विहिरीत उतरलं की हमखास येतात. पेटीतल्या बहुतेक बाटल्या मात्र क्षार आणि खनिजं मोजतात. जंतूंबद्दल त्यांना काही सांगता येत नाही.

एच-टू-एस बाटलीची रीत अशी. छोटी निर्जंतुक बाटली, आत पोषकद्रव्य लावलेली कागदी पट्टी किंवा कोरडी पूड. खुणेपर्यंत, साधारण २० मिलिलिटर पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि ठेवून द्यायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. विष्ठेत असणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो बाटलीतल्या लोहाशी मिळून काळा साका करतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही युक्ती मांडली. वीज लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, रंगाच्या छटा जुळवत बसावं लागत नाही. काळं म्हणजे वाईट, हे पाड्यावरच्या आजीलाही दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही. ग्रामसभेत टेबलावर ठेवलेली एक काळी बाटली दहा पानी अहवालापेक्षा जास्त काम करते.

घोटाळे होतात ते भरताना. बाटली आधी पाण्याने विसळायची नाही, आतली पट्टी धुऊन जाते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही आणि झाकण जमिनीवर उलटं ठेवायचं नाही. नळ असेल तर दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, हापसा असेल तर पाईपमधलं साठलेलं पाणी निघून जाईल इतकं हापसायचं. विहिरीतून घेताना रोजच्या वापराची बादली चालत नाही. त्या बादलीचेच जंतू मोजले जातात आणि विहिरीला उगाच बोल लागतो.

दुसरी गोष्ट थंडीची. बाटलीला २५ ते ३७ अंशांची ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत टोकावडे, डोळखांबकडे रात्री चांगलाच गारठा असतो. तेव्हा बाटली ग्रामपंचायतीच्या फरशीवर ठेवली तर २४ तासांत काही होत नाही आणि ‘पाणी शुद्ध’ अशी नोंद पडते. कापडात गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवा, आगीला लागून नको, आणि निकाल ४८ तासांनीच लिहा.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. क्लोरीन असलेलं पाणी थेट या बाटलीत भरलं, तर उरलेला क्लोरीन आतसुद्धा जंतूंना मारत राहतो आणि बाटली काळी पडत नाही. प्रयोगशाळेच्या नमुन्याच्या बाटलीत यासाठीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. काही एच-टू-एस बाटल्यांत ते असतं, काहींत नसतं; घेताना विचारा. सोपा क्रम असा की आधी क्लोरीन मोजा, आणि तो शून्य किंवा नावापुरता आला तरच एच-टू-एस बाटली उघडा. बाटल्याही वाचतात. काळी पडलेली बाटली म्हणजे जंतूंची शेतीच असते, ती विहिरीच्या कट्ट्यावर ओतू नये (असं पाहायला मिळतं, म्हणून लिहावं लागतंय). टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, दाट द्रावण तिच्यात घालून अर्धा तास ठेवा, मग शौचालयात ओता.

आता क्लोरीनची चाचणी. जुन्या पेट्यांत ती ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची असते: नळीत खुणेपर्यंत पाणी, पुस्तिकेत सांगितलेले थेंब, पिवळा रंग, तक्त्याशी तुलना. इथे वेळेला फार महत्त्व आहे. मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, पहिल्या दहा सेकंदांत रंग दाखवतो. पंधरा मिनिटांनी दिसणारा गडद पिवळा हा मोकळा आणि बांधलेला (पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेला) असा दोन्हींचा मिळून असतो. गप्पा मारत मारत रंग पाहिला की आकडा फुगतो. पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तरी पिवळेपणा येतो. शिवाय ओटी हे रसायन अपायकारक मानलं जातं, हाताला लागू देऊ नये. नव्या पेटीत डीपीडी नावाच्या दुसऱ्या रसायनाची चाचणी असेल तर तीच घ्या. तिचा रंग गुलाबी येतो आणि तक्त्याशी जुळवायला सोपा जातो. तिची एक गंमत मात्र माहीत असावी. क्लोरीन फारच जास्त असेल, म्हणजे विहिरीत नुकताच टीसीएल टाकलेला असेल, तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नळी स्वच्छ दिसते. मग क्लोरीन शून्य समजून आणखी पावडर टाकली जाते. शंका आली तर नमुन्यात दहापट साधं, क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासा.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तो टाकीजवळच्या नळाला मोजण्यात अर्थ नाही. गावात सगळ्यात टोकाला ज्याचं घर आहे, त्याच्या नळाला मोजा. टाकीखाली ०.५ आणि टोकाला शून्य असेल तर बहुधा वाटेत पाईप फुटलेला आहे, नळकोंडाळं गटारात बुडलंय, किंवा पाणी येण्याच्या वेळा इतक्या तुटक आहेत की मधल्या काळात रिकाम्या पाईपमध्ये बाहेरचं ओढलं जातंय. म्हणजे चार थेंबांत अख्ख्या पाईपलाईनची तब्येत कळते. पेटीतली सगळ्यात वसूल होणारी बाटली हीच.

आकडा कमी आला तर टीसीएल किती वाढवायचा, हे पुस्तिका सांगत नाही, म्हणून इथे देतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. तेव्हा हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर म्हणजे लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम. गोल विहिरीचं पाणी काढायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाच्या, चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सव्वाअठ्ठावीस हजार लिटर होतात. त्याला सत्तर ग्रॅम पावडर. ती बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊणभर करून पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची आणि वरचं पाणीच विहिरीत सोडायचं. खाली उरलेला चुना टाकायचा नाही, पाण्याचा जडपणा वाढतो. तासाभराने क्लोरीन मोजायचा. तरीही शून्य आला तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट: पाणी गढूळ आहे आणि गाळच क्लोरीन खातोय, किंवा पावडर मेली आहे. उघड्या पोत्यातली, कौलाच्या गळतीखाली ठेवलेली पावडर काही आठवड्यांत निम्म्यावर येते. तिचा नमुना तालुक्याला पाठवून क्लोरीनचं प्रमाण तपासून घेता येतं. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर जलसुरक्षकाने (गावचं पाणी शुद्ध करायची जबाबदारी असलेल्याने) वापरूच नये.

टँकरच्या गावांना हे दुप्पट लागू. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. टँकरचं पाणी बऱ्याचदा कोरड्या विहिरीत ओततात आणि बाया तिथून शेंदून नेतात. टँकरमध्ये क्लोरीन सापडला म्हणून खूश होऊ नये, विहिरीत ओतल्यावर अर्ध्या तासाने मोजावा. दहा हजार लिटरच्या टँकरला पंचवीस ग्रॅमचा हिशेब विहिरीतला गाळ धरत नाही.

उरलेल्या बाटल्यांत नायट्रेटची आम्ही ठेवून घेऊ. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आपल्याकडे नायट्रेट वाढलेलं दिसलं तर खतापेक्षा आधी शौचालयाचा खड्डा, सेप्टिक टँक आणि उकिरडा पाहावा. विहिरीपासून खड्डा पंधरा मीटर लांब, हा नियम मातीत बरा चालतो. भेगाळलेल्या कातळात सांडपाणी भेगेतून कुठे निघेल याचा नेम नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरून विश्रांतीला असताना दुसरा चालू असतो, त्यामुळे खड्डा बदलल्यानंतर सहा महिन्यांनी शेजारच्या विहिरीचं नायट्रेट पुन्हा मोजावं. चहाडी करणारी बाटली आहे ही, तिच्यामुळे भांडणंही होतात.

लोहाची चाचणी हापशांसाठी उपयोगी, पण दोनदा करा: पहाटे पहिल्या पाण्याची आणि पन्नास-साठ हात मारल्यानंतरची. पहिल्यात लोह आणि दुसऱ्यात नाही, तर दोष गंजलेल्या पाईपचा. पाईप बदला, बोअर बदलू नका. क्लोराइडची बाटली खाडीकाठच्या गावांना, भिवंडी तालुक्याच्या आणि ठाणे खाडीच्या अंगाच्या. तिथे उन्हाळ्यात विहीर उपसली की खारं पाणी आत येतं, आणि दर महिन्याला मोजलेला आकडा उपसा कधी थांबवायचा ते सांगतो. (तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. बोटांवर पडलेला काळा डाग आठवडाभर जात नाही.) जडपणा, क्षारता, पीएच ठीक आहेत, वर्षातून एकदा मोजा. फ्लोराइडची बाटली इथे बहुधा सीलबंदच जुनी होते.

अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या कारखान्यांच्या शेजारच्या बोअरवाल्यांनी या पेटीवर मुळीच विसंबू नये. जड धातू आणि सॉल्व्हंट तिला दिसत नाहीत. सगळे रंग ठीक आले तरी पाणी प्रयोगशाळेतच पाठवा. तसाही पेटीचा निकाल हा इशारा असतो. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा प्रयोगशाळेतून व्हायलाच हवी. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. किन्हवलीहून सकाळी निघालेला नमुना दुपारभर गाडीच्या डिकीत तापला, तर त्याचा निकाल कुणाच्याच कामाचा नसतो.

पेटीच्या बांधणीचे दोष सगळ्यांत सारखेच. ड्रॉपर तिरका धरला की थेंब लहान-मोठा होतो, आणि जडपणा-क्लोराइडचा निकाल तर थेंब मोजूनच निघतो. बाटली उभी उलटी धरायची सवय लावावी लागते. झाकणांची अदलाबदल झाली की दोन रसायनं बिघडतात, तरी बऱ्याच पेट्यांत झाकणांना रंग किंवा आकडे नसतात. रंगतक्ता उन्हात फिका पडतो. नळीवरच्या खुणा दहा धुण्यांत पुसल्या जातात. नव्या नळीवरच काचेवर चालणाऱ्या मार्करने रेघ मारून ठेवा. आणि ट्यूबलाईटच्या उजेडात पिवळा रंग ओळखायला जाऊ नका, दारात या, पाठ उन्हाकडे करा.

विकत घेताना किंवा ग्रामपंचायतीत पेटी ताब्यात घेताना आधी बाटल्यांवरची मुदत वाचा. बऱ्याच रसायनांना वर्षभराचीच असते, आणि पेटीच्या किमतीत शंभर चाचण्या धरलेल्या असल्या तरी त्या वर्षभरात होतील इतका वापर लहान पाड्यावर होत नाही. म्हणून मोठी पेटी एक, आणि दर तीन महिन्यांनी क्लोरीनची एक रिफिल व एच-टू-एसच्या दोन डझन बाटल्या, अशी मागणी नोंदवा. पुरवठादाराला मराठी पुस्तिका मागा. न दिल्यास बिल थांबवा. पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. अंगणवाडीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, कुलूप लावून.