लिनक्सवर लॅपटॉपच्या वायरलेस कळीचे काम बदलून घेतल्यानंतर: काही महिन्यांचा अनुभव

लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपवर विमानाचे चित्र असलेली कळ दाबली की वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकदम बंद होतात. लिहायला बसल्यावर वायफाय बंद पण ब्लूटूथ हेडफोन चालू, ही माझी रोजची गरज असल्यामुळे मी त्या कळीचे काम बदलून घेतले आणि काही महिन्यांच्या वापरानंतर या बदलावर मी अतिशय समाधानी आहे.

त्यासाठी लिनक्स ती कळ ज्या नावाने ओळखतो ते नाव बदलावे लागते. पण कळीला नुसते ‘वायफाय’ असे नाव देऊन भागत नाही, कारण ग्नोम त्या कळीलाही विमान-मोडचीच कळ समजतो, शिवाय कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्यातही) अशा कळांची परस्पर दखल घेणारा भाग असू शकतो. म्हणून या दोघांपैकी कोणीही हक्क सांगणार नाही असे नाव द्यावे. मी ‘प्रोग१’ हे जादा कळांसाठीचे नाव निवडले. इव्हटेस्ट हा कळा तपासणारा प्रोग्रॅम चालवून कळ दाबली की तिचा स्कॅनकोड, म्हणजे कळीचा मूळ क्रमांक, समोर येतो. काही लॅपटॉपांत ही कळ कीबोर्डाऐवजी डब्ल्यूएमआय (लॅपटॉपच्या फर्मवेअरशी बोलणाऱ्या) ड्रायव्हरमार्फत येते, त्यामुळे ती नेमक्या कोणत्या उपकरणावर उमटते हे आधी पाहावे. मग एटसी या सेटिंग्जच्या फोल्डरातील, यूडेव्हच्या (उपकरणे ओळखणाऱ्या भागाच्या) एचडब्ल्यूडीबी म्हणजे हार्डवेअर-डेटाबेसच्या फोल्डरात दोन ओळींची फाइल करायची: पहिल्या ओळीत उपकरणाची ओळख, दुसऱ्या ओळीत स्कॅनकोड आणि नवे नाव. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर नोंद लागू होत नाही आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. त्यानंतर तो डेटाबेस नव्याने बांधून घ्यायचा आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये त्या कळीला ‘आरएफकिल टॉगल वायफाय’ ही आज्ञा जोडायची; आरएफकिल हे रेडिओ चालू-बंद करणारे साधन आहे. लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला सहसा यासाठी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागत नाहीत.

फाइल एटसीमध्ये असल्यामुळे कर्नलच्या अपडेटांनी तिला धक्का लागला नाही. वायफाय बंद ठेवून लॅपटॉप बंद केला तर पुढच्या वेळीही ते बंदच राहते, कारण सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) ती स्थिती जपून ठेवते. मला हे फार सोयीचे वाटते.

उणिवाही आहेत. पडद्यावर चिन्ह उमटत नाही, त्यामुळे आज्ञेला सूचनेची जोड स्वतः द्यावी लागते. पडदा लॉक असताना ग्नोमचे स्वतः जोडलेले शॉर्टकट चालत नाहीत. आणि आरएफकिलच्या यादीत ‘हार्ड ब्लॉक’पुढे ‘होय’ दिसत असेल, तर रेडिओ फर्मवेअरने किंवा बाजूच्या स्विचने अडवलेला असतो; तिथे कळीचे नाव कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.