पद्मिनीच्या पत्र्याच्या कामात माझे 2,17,500 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहू की नको यातच दीड वर्ष गेलं. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. पण परवा ओळखीतल्या एका मुलाने विचारलं, आजोबांची फियाट आहे, पत्रा सडलाय, तुम्ही कुठे काम केलं होतं? त्याने नेमकं त्याच गॅरेजचं नाव घेतलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय.

गाडी 1981 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, बाबांची. नंबर लावून, वाट बघून घेतलेली. बाबा रिटायर होऊन रत्नागिरीला गेले तेव्हा गाडीही गेली, आणि 2010 पासून ती शेडमध्ये उभीच. समुद्राचा खारा वारा, वर चार महिन्यांचा पाऊस, पत्र्याचं काय होणार. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की जमीन दिसायची, दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, सगळं गेलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारांखालची ती पोकळ पेटी, कुणी तिला रॉकर म्हणतं कुणी फूटबोर्ड. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच चासी, त्यामुळे ही पेटी सडली तर गाडीचा कणाच गेला. हे सगळं मला गाडी देण्याआधी माहीत होतं, हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक सरळ म्हणतात की तुला काही कळत नव्हतं म्हणून फसलास.

गॅरेजबाहेर दोन जुन्या फियाट चकाचक उभ्या होत्या. मालक वयस्कर, गोड बोलणारा, बाबांची चौकशी करणारा. म्हणाला, "साहेब, गाडी नाही ही, घरातलं माणूस आहे, काळजी सोडा." ठरलं असं की गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, 20 गेज जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मिग वेल्डिंगने (तारेचं, गॅसखाली होणारं वेल्डिंग) बसवायचा, मग प्रायमर, सीलर, पेंट. 1,65,000 रुपये, दोन महिने. एस्टिमेट वहीच्या पानावर, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला 18 टक्के जास्त पडतील. तिथेच उठायला हवं होतं, पण 18 टक्के म्हणजे जवळजवळ तीस हजार होतात हो.

18 नोव्हेंबर 2023 ला 60,000 दिले, रोख. जानेवारीत 45,000 यूपीआयने. फेब्रुवारीत म्हणाला पद्मिनीचे जुन्या स्टॉकमधले कंपनीचे कोरे पॅनेल कुर्ल्याला एकाकडे मिळतायत, आज नाही घेतले तर जातील, 38,000 रोख लागतील. कंपनीने गाडी बनवणं बंद करून वीस वर्षं उलटली, त्यामुळे पॅनेल मिळत नाहीत हे खरंच आहे आणि म्हणूनच तो बार लागला. (असे पॅनेल कुणी देतो म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी स्वतः जाऊन हातात घेऊन बघा, फोटोवर नाही.) 6 एप्रिल 2024 ला, गुढीपाडव्याच्या तीन दिवस आधी, गाडी ताब्यात घेतली तेव्हा उरलेले 60,000 रोख आणि खालच्या डांबर कोटिंगचे वेगळे 14,500 यूपीआयने. एकूण 2,17,500. रत्नागिरीहून गाडी उचलून पुण्याला आणल्याचे 11,000 यात धरलेले नाहीत.

आता तो फोटो. वीस जानेवारीला त्याने व्हॉट्सअपवर फोटो पाठवला, नवा कोरा फ्लोअर, वेल्डिंगचे ठिपके स्वच्छ दिसतायत, खाली लिहिलेलं "काम चालू, 45 पाठवा". मी तो मोठा करून बघितला. बायकोला दाखवला. बाबांना पाठवला. त्या फोटोत मधल्या टनेलवर, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर, गियरच्या दांडीचं भोक होतं. माझ्या गाडीचा गियर स्टिअरिंगला आहे! मी त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलो, डाव्या हाताने तो गियर हजार वेळा टाकलाय, आणि तरी मला ते भोक दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे, दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ऑफिसात वेगळीच धावपळ, नाहीतर मी असा नाही. एरवी भाजीचा हिशोबसुद्धा दोनदा तपासणारा माणूस मी. रात्री अजून तो फोटो काढून बघतो आणि दर वेळी आधी ते भोकच दिसतं.

दुसरी खूण मार्चमधली. न सांगता गेलो होतो. गाडी प्रायमरमध्ये उभी, दाराखालच्या पेटीवर बोटाच्या पेराने ठोकलं तर आवाज मंद, लाकडावर ठोकल्यासारखा. विचारलं तर म्हणे डबल पत्रा मारलाय. पोकळ पेटी नव्या पत्र्याची असेल तर टण वाजणार, डबल असली तरी. कापलेले जुने तुकडे दाखव म्हटलं तर भंगारवाला घेऊन गेला. ही गोष्ट डोक्यात पक्की करा, कापलेला गंजका पत्रा आपला आहे, तो परत मागायचा, काम सुरू व्हायच्या आधीच तसं सांगून ठेवायचं. जो कापतो तो तुकडे देतो, ज्याने कापलंच नाही तो कुठून देणार.

जुलैच्या पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी. मागच्या कमानीवर फोड आले, रंगाखालून. महिनाअखेरीस पंक्चर झालं म्हणून जॅक लावला तर जॅक वर गेला आणि गाडी जागेवरच, जॅक सरळ पेटीत घुसला, मागचं दार लागेना. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, त्याने ग्राइंडर लावला. आत बोटभर जाड लांबी (खड्डे भरायची पुटी), त्याखाली फायबरची जाळी, त्याखाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून आणि पोकळीत ठासून भरलेली वर्तमानपत्रं. जुना गंज तसाच, उलट पाणी बाहेर जायची भोकं डांबराने बुजवल्यामुळे आत चिखल साचलेला. मिग वेल्डिंगचा एक ठिपका नाही. एका पेपरवर संक्रांतीच्या शुभेच्छांची जाहिरात, तारीख 15 जानेवारी 2024. गाडी तेव्हा त्याच्याच गॅरेजमध्ये होती. याहून मोठा पुरावा काय असतो?

पुरावा कुणाला हवाय पण. पोलीस स्टेशनला चार वेळा गेलो. पहिल्यांदा "साहेब राउंडला गेलेत". दुसऱ्यांदा म्हणे हा तुमच्यातला व्यवहार आहे, दिवाणी मॅटर, कोर्टात जा. मी म्हटलं दुसऱ्या गाडीचा फोटो दाखवून पैसे घेतले ही फसवणूकच झाली, पूर्वीचं 420 म्हणा नाहीतर नव्या कायद्यातलं 318 म्हणा, तर तो म्हणतो "तुम्ही वकील का?" तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला अर्धा तास वाद. चौथ्यांदा त्या मालकाला बोलावलं, तो दोन पोरं घेऊन आला, म्हणाला गाडी माझ्याकडून नेल्यावर यांनीच कुठेतरी काम केलं, पेपर कुणीही भरेल. आणि समोर बसलेल्या माणसाने मान डोलावली, आणि मला सांगितलं की इतकी जुनी गाडी कशाला ठेवता, स्क्रॅप करा. माझे सव्वादोन लाख गेलेत आणि मला सल्ला मिळतोय स्क्रॅपचा! ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर तक्रार नंबर मिळाला, नऊ दिवसांनी मेसेज आला की समोरची पार्टी प्रतिसाद देत नाही, ग्राहक आयोगाकडे जा, तक्रार बंद. बंद का? माझी तक्रार संपली का?

आयोगात ऑक्टोबर 2024 ला केस टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, हे लक्षात ठेवा. पण रोख दिलेल्या 1,58,000 चा कागद कुठेय, हा पहिला प्रश्न. माझ्याकडे पक्के फक्त 59,500. आतापर्यंत सहा तारखा, तीन वेळा समोरचा आलाच नाही, एकदा बेंचच नव्हतं. सर्व्हेयरच्या रिपोर्टचे माझ्या खिशातून 6,500 गेले ते वेगळेच. रोख एक रुपया देऊ नका हो, पाया पडतो.

नवीन मिस्त्रीने दोन्ही पेट्या आणि फ्लोअरचे 1,40,000 सांगितलेत, पण केस चालू आहे तोवर गाडीला हात लावायचा नाही असं वकील म्हणतात, त्यामुळे ती ताडपत्रीखाली पार्किंगमध्ये उभी आहे, आणि बाबा फोनवर विचारतात की झाली का रे गाडी. तो पेपर मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, पुढच्या तारखेला घेऊन जाणार आहे.

तुमची गाडी आत्ता कुठे कामाला असेल तर या रविवारी जा, फोन न करता. फ्रिजवरचं साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून कमानी, दारांच्या कडा आणि खालच्या पेटीवरून फिरवा. चिकटलं नाही तिथे पत्रा नाही, नाहीतर वर जाड लांबी आहे. प्रायमर मारायच्या आधी उघड्या पत्र्याचे फोटो स्वतः काढा, आणि फोटोत आपला नंबर किंवा डॅशबोर्ड आला पाहिजे.