घरबसल्या औषधाची चिठ्ठी: ई-संजीवनी, खासगी ॲप की नेहमीचे डॉक्टर?

डॉक्टरांशी मोबाइलवरून बोलून औषधाची चिठ्ठी मिळवायची, तर भारतात आज तीन मार्ग आहेत: सरकारची मोफत ई-संजीवनी, पैसे भरून वापरायची खासगी ॲप्स, आणि व्हिडिओ कॉलवर किंवा व्हॉट्सॲपवर आपले नेहमीचे डॉक्टर. बहुतेक जण फी किती आणि नंबर कधी लागणार एवढंच पाहून ठरवतात. आमचा आग्रह आहे, की आधी औषध कोणतं हवं आहे ते पाहा. कोणतं औषध प्रत्यक्ष न तपासता लिहून देता येतं हे नियमांनी ठरलेलं आहे. चुकीचा मार्ग धरला तर फी जाते, वेळ जातो आणि शेवटी दवाखान्यात जावं लागतंच.

औषधांच्या चार याद्या

दूरवैद्यक सेवेची (टेलिमेडिसिनची) मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. त्यांत औषधांचे चार गट आहेत आणि आपली निवड खरी तिथेच होते.

‘ओ’ यादीत पॅरासिटामॉल, ओआरएस, घशाच्या चघळायच्या गोळ्या अशी साधी औषधं येतात. ती फोनवर, चॅटवर, कशीही सांगता येतात. ‘ए’ यादीतली औषधं तुलनेनं सुरक्षित मानली जातात: क्लोट्रिमाझोल किंवा म्युपिरोसिनसारखी त्वचेची मलमं, डोळे आल्यावरचे थेंब, कानातला मळ सुटण्याचे थेंब, तसंच बीपी, साखर, दमा यांच्या आधीपासून चालू असलेल्या औषधांचा पुढचा साठा. ही औषधं पहिल्याच सल्ल्यात लिहिता येतात, पण तो सल्ला व्हिडिओवर झालेला हवा. पहिल्या सल्ल्याला नुसता फोन चालत नाही.

‘बी’ यादी फक्त पाठपुराव्यासाठी आहे. डॉक्टरांनी आधी प्रत्यक्ष तपासलेलं असेल, आजार तोच असेल, तर चालू औषधाला जोड देता येते. मेटफॉर्मिन चालू असताना सिटाग्लिप्टिन वाढवणं हे त्याचं सरळ उदाहरण. चौथ्या गटाला पूर्ण मनाई आहे: शेड्यूल एक्समधली (औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीतली) औषधं आणि १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात येणारी औषधं. कोडीन, मॉर्फिन आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्या त्यात येतात. ऑनलाइन डॉक्टरांनी यांना नकार दिला तर ते नियमानंच वागत आहेत. दुसरं ॲप शोधण्यात अर्थ नाही, प्रत्यक्ष भेट घ्या.

‘पाठपुरावा’ कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. डॉक्टर तेच, आजार तोच, आणि प्रत्यक्ष भेटीला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नाही, तरच तो पाठपुरावा. डॉक्टर बदलले, आजार बदलला किंवा सहा महिने उलटले की तो नियमाच्या दृष्टीनं पहिलाच सल्ला. त्यामुळे ई-संजीवनीवर आणि ॲपवर तुम्ही बहुतेक वेळा ‘पहिले’च असता, फाइल कितीही जाडजूड असली तरी. ‘बी’ यादीचं दार नेहमीच्या डॉक्टरांकडेच उघडतं.

ई-संजीवनी: खर्च शून्य, डॉक्टर मात्र जे मिळतील ते

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ही सेवा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं उभारली आहे. रुग्णानं घरून थेट डॉक्टरांशी बोलायची ओपीडी १३ एप्रिल २०२० पासून चालू आहे. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, रुग्णाची माहिती आणि तक्रार लिहायची, रिपोर्ट असतील तर जोडायचे, राज्य आणि ओपीडी निवडायची, टोकन घ्यायचं आणि रांगेत थांबायचं. नंबर लागला की व्हिडिओ कॉल होतो आणि सल्ला संपल्यावर ई-प्रिस्क्रिप्शन उतरवून घेता येतं.

अडतं कुठे? पहिलं म्हणजे कॅमेरा आणि माइकची परवानगी. ती आधी दिलेली नसेल तर कॉल जोडला जातो, पण डॉक्टरांना चेहरा दिसत नाही की आवाज ऐकू येत नाही. दुसरं, रांगेत असताना लोक ॲप बाजूला सारून दुसरं काही पाहत बसतात आणि नंबर निघून जातो. तिसरं, त्याच मोबाइलवर मध्येच साधा फोन येतो आणि व्हिडिओ तुटतो. म्हणून पडदा चालू ठेवा आणि पाच मिनिटं घरच्यांना फोन करू नका म्हणून सांगा. ओपीडीच्या वेळा राज्यागणिक आणि विभागागणिक वेगळ्या असतात. टोकन घेण्याआधी त्या पाहिल्या तर उगाच ताटकळावं लागत नाही.

ठरावीक डॉक्टर मागून घेण्याची सोय नसल्यामुळे पुढच्या वेळी तेच डॉक्टर भेटतील असं धरून चालू नका. मागची चिठ्ठी हाताशी ठेवा.

याच सेवेचा दुसरा प्रकार फार जणांना माहीतच नसतो. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतात, बीपी वगैरे मोजतात आणि दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून देतात. चिठ्ठी तिथेच निघते आणि साठ्यात असलेली औषधं तिथेच मोफत मिळतात. स्मार्टफोन न जमणाऱ्या वयस्कर माणसासाठी आमच्या मते या तुलनेतला हा सर्वांत भक्कम मार्ग आहे, कारण डॉक्टरांना मोजलेले आकडे मिळतात.

खासगी ॲप: निवड मोठी, पारख आपली

प्रॅक्टो, टाटा १एमजी, अपोलो २४|७ यांसारख्या ॲपवर डॉक्टर आपण निवडतो: त्वचारोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ. गावात तज्ज्ञ नसेल आणि तालुक्याला जायला दिवस मोडणार असेल, तर फी देऊनही हे परवडतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. सल्ला व्हिडिओवर आहे की फक्त चॅटवर. नंतर शंका विचारायला किती दिवस मिळतात. आणि डॉक्टरांनी कॉलच केला नाही तर पैसे परत कसे मिळतात.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक प्रोफाइलवर दिसला पाहिजे. प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर तो असणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येते. पदवीही वाचा. ‘सीनिअर कन्सल्टंट’ ही पदवी नव्हे. आणि समोर माणूस आहे ना, हेही पाहा: चॅटबॉटनं लक्षणं विचारणं चालतं, पण सल्ला देण्याची आणि औषध लिहिण्याची परवानगी नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे.

आता ज्याबद्दल आम्ही ठामपणे सावध करतो तो प्रकार. काही ठिकाणी औषध आधी टोपलीत टाकायचं, चिठ्ठी नसेल तर ‘आमचे डॉक्टर फोन करतील’ असा पर्याय निवडायचा आणि एक-दोन मिनिटांच्या फोननंतर चिठ्ठी तयार. सोय वाटते, पण इथे क्रमच उलटा आहे: औषध ठरलेलं असतं आणि निदान त्याला जोडलं जातं. शिवाय अनोळखी डॉक्टरांचा नुसत्या आवाजावरचा पहिला सल्ला ‘ओ’ यादीपलीकडे जाऊ शकत नाही. अँटिबायोटिक अशा मार्गानं मागवू नका. ताप विषाणूचा असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि जिवाणूचा असेल तर कोणता हे तपासायला हवं.

नेहमीचे डॉक्टर: नियम सर्वांत मोकळे, शिस्त सर्वांत सैल

ज्यांनी आपल्याला तपासलं आहे, ज्यांना आपली ॲलर्जी आणि मागचे रिपोर्ट ठाऊक आहेत, त्यांच्याकडे सहा महिन्यांच्या आत ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही याद्या फोनवरसुद्धा खुल्या असतात. बीपीची गोळी कमी-जास्त करायची, साखरेच्या औषधात भर घालायची, तर दुसरीकडे जाऊच नका.

घोळ होतो तो कागदात. ‘ती पांढरी गोळी रात्री अर्धी घ्या’ असा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे, आणि तो दाखवून मेडिकलमधून शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेलं, औषध मिळायला नको. लेटरहेडवर लिहून, सही करून, त्याचा फोटो किंवा स्कॅन पाठवला तर तो मात्र नियमानुसार चालतो. ‘डॉक्टरसाहेब, सही करून फोटो पाठवाल का?’ हे विचारायला संकोचू नका. फीही आधीच विचारा. दूरून दिलेल्या सल्ल्याची फी घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि तिची पावती मागण्याचा तुम्हाला.

मग कोणाला काय?

बीपी-साखरेच्या त्याच गोळ्या, तोच डोस आणि आकडे आटोक्यात: आधी नेहमीचे डॉक्टर, ते मिळत नसतील तर जुनी चिठ्ठी घेऊन ई-संजीवनी. अंगावर पुरळ, नायटा, मुरुम: ॲपवरचे त्वचारोगतज्ज्ञ, कारण इथे फोटो बरंच सांगून जातो. साधी सर्दी, जुलाब: ई-संजीवनी पुरेशी. मनाची घालमेल, झोप उडाली आहे, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक. मानसोपचाराची औषधं आधीपासून चालू असतील तर ती आपणहून बंद करू नका; पुढची चिठ्ठी कशी मिळेल हे आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच विचारा.

लहान मुलांसाठी सल्ला घेताना मोठं माणूस सोबत असणं बंधनकारक आहे, आणि मुलाचं आजचं वजन हवं. सिरपचा डोस वजनावर ठरतो. अंदाजे सांगितलेलं वजन म्हणजे अंदाजे डोस. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, झटका, थांबत नसलेला रक्तस्राव यांसाठी यांतला एकही मार्ग नाही. १०८ लावा.

कॉलआधीची पाच मिनिटं

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. रंग सांगून उपयोग नसतो, पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा. बीपी असेल तर मागच्या आठवड्याचे सकाळ-संध्याकाळचे आकडे, पाच मिनिटं शांत बसून मोजलेले. ॲलर्जी, गरोदरपण, स्तनपान, किडनी-लिव्हरचा त्रास हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. त्वचेचा फोटो दिवसाच्या उजेडात, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी नाणं ठेवून काढा म्हणजे आकार कळतो.

सर्वांत जास्त घडणारी चूक: मुलगा स्वतःच्या प्रोफाइलवरून आईसाठी सल्ला घेतो आणि चिठ्ठी त्याच्याच नावानं, त्याच्याच वयानं निघते. आईची वेगळी नोंद करा आणि कॉलवर आईला समोर बसवा.

चिठ्ठी आली; कॉल तोडण्याआधी वाचा

डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, तारीख, रुग्णाचं नाव, वय, लिंग, पत्ता, तक्रार आणि निदान, सही. औषधाची ओळ पूर्ण हवी, अशी: मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ., १-०-१, जेवणानंतर, ३० दिवस, एकूण ६० गोळ्या. दिवस किंवा संख्या सुटली की मेडिकलमध्ये अडतं. पत्ता सुटला तरी अडतं. सेफिक्झिम या अँटिबायोटिकसारख्या शेड्यूल एच-१ (एचपेक्षा कडक नोंदीची यादी) औषधांसाठी मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि औषधाची संख्या लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. स्क्रीनशॉटमध्ये नेमका वरचा नोंदणी क्रमांक कापला जातो, म्हणून पीडीएफच घ्या.

एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं, डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलं नसेल तर. तीन महिन्यांचा साठा दर महिन्याला घ्यायचा असेल तर ‘दर ३० दिवसांनी, ३ वेळा’ असं चिठ्ठीतच लिहून मागा. प्रत्येक वेळी मेडिकलवाल्यानं दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते, तेव्हा प्रिंट नेलेली बरी. ॲपनं चिठ्ठी थेट एखाद्या मेडिकलला पाठवायची असेल तर तुमची स्पष्ट संमती लागते. दुकान कोणतं, हे तुम्ही ठरवायचं.

शेवटची अडचण ब्रँडची. चिठ्ठीत एक ब्रँड लिहिला आणि दुकानात तो नसला, तर शेड्यूल एचच्या औषधाऐवजी दुसरा ब्रँड देण्याची मुभा मेडिकलवाल्याला नाही, घटक तोच असला तरी. म्हणून कॉल चालू असतानाच औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाचं नाव, लिहायला सांगा. मग जनऔषधी केंद्रातूनही घेता येतं. घरपोच मागवलं असेल तर पाकीट फोडण्याआधी चिठ्ठीशी ताडून पाहा: घटक, मिलिग्रॅम, मुदत, आणि नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ आहे का. ही अक्षरं असलेली गोळी औषध हळूहळू सोडते. तिच्या जागी साधी आली किंवा साधीच्या जागी ती आली, तर घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा.